दळणाच्या डब्यातून निघालेले कागद

21 फेब्रुवारी 2025 ला नवऱ्याच्या मारहाणीविरुद्धच्या माझ्या केसचा निकाल लागला. घर सोडल्याला वीस महिने झाले होते, आणि एकोणीस तारखा. निकाल ऐकून कोर्टाच्या व्हरांड्यात आले तर बाकावर एक बाई बसलेली. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद, आणि ती पिशवी तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. मला माझी पहिली तारीख आठवली. तिच्याशी बोलणार तेवढ्यात तिचा पुकारा झाला. तिला जे सांगायचं राहिलं ते इथं लिहिते आहे.

माझं लग्न 2014 सालचं. मी बारावी झालेली, माहेर पुणे जिल्ह्यातलं, दिलं सातारा जिल्ह्यात. दोन एकर ऊस, स्वतःचा ट्रॅक्टर, एकत्र कुटुंब. दुसऱ्या वर्षापासून नवऱ्याचं हात उगारणं सुरू झालं. एवढी वर्षं राहिलीसच कशाला, असं मला खूप जणांनी विचारलं. जायला जागा नव्हती, म्हणून राहिले. मधे दोनदा माहेरी गेले होते. दोन्ही वेळा चार माणसं बसवून बैठक झाली, त्यानं सगळ्यांसमोर कान धरले आणि मला परत नांदायला पाठवलं.

15 जानेवारी 2023, संक्रांत. वाणाचं सामान आणायला मागितलेल्या पैशांवरून माझा डावा हात पिरगाळला, मनगटाचं हाड मोडलं. सरकारी दवाखान्यात सासूबाई सोबत होत्या. "मोरीत पाय घसरला," असं त्यांनीच सांगून टाकलं. प्लास्टर घालताना नर्सबाईंनी त्यांना बाहेर थांबायला सांगितलं आणि मला हळूच विचारलं, "केसपेपरवर काय लिहू? घसरून पडलं की हाड असं मोडत नाही." मी बराच वेळ गप्प होते. मग खरं सांगितलं. त्यांनी डॉक्टरांना बोलावून 'नवऱ्याने हात पिरगाळल्याने' असं लिहून घेतलं आणि दवाखान्यातून पोलिसांना कळवायचं का, असंही विचारलं. मी नको म्हटलं, मला त्याच घरी परत जायचं होतं. पण तो कागद राहिला. पुढं दोन वर्षांनी कोर्टात सगळ्यात जास्त उपयोगी तोच पडला. दवाखान्यात गेलात तर खरं कारण लिहून घ्या. त्या दिवशी तक्रार करायची नसली तरी लिहून घ्या.

रथसप्तमीच्या आत आमच्या बचत गटाचं हळदीकुंकू होतं. प्लास्टरवरून शाल घेऊन गेले. बायकांना काय ते कळतंच. गटाच्या अध्यक्ष, त्यांना सगळे आक्का म्हणतात, मला वाण देताना म्हणाल्या, "उद्या हिशेबाची वही घेऊन माझ्याकडं ये." वही हे निमित्त होतं. त्यांच्या माजघरात बसून त्यांच्याच फोनवरून 181 ला फोन लावला. हा महिलांसाठीचा मोफत नंबर, चोवीस तास चालतो. मला वाटलं होतं, लगेच गाडी येईल आणि गावभर होईल. तसं काही झालं नाही. पलीकडच्या ताईंनी आधी विचारलं, आत्ता बोलणं सुरक्षित आहे का? मग सांगितलं की घाईनं निघू नका, कागद गोळा करा, थोडे पैसे बाजूला ठेवा, आणि जीवावर बेतलं तर मात्र काहीही न बघता 112 हा तातडीचा नंबर लावा. साताऱ्याच्या सखी वन स्टॉप सेंटरचा, म्हणजे अडचणीतल्या बायकांसाठीच्या सरकारी केंद्राचा, पत्ताही त्यांनीच दिला.

कागद गोळा करणं बोलायला सोपं. आमच्या कपाटाची किल्ली सासूबाईंच्या कमरेला, मी बाहेर जाताना पिशवी तपासली जायची. तपासत नसत ती एकच वस्तू, दळणाचा डबा. ज्वारीत कोण हात घालणार? आठवड्यातून एकदा कपडे ठेवायला कपाट उघडलं जायचं तेव्हा एक कागद काढायचा, दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळायचा, डब्याच्या तळाशी ठेवायचा, वर ज्वारी ओतायची. गिरणीवाल्या मावशींना मी पहिल्या खेपेला काहीच बोलले नव्हते. त्यांनी जात्याच्या तोंडात ज्वारी ओतताना ती पिशवी उचलून बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि दळणाच्या पाळीच्या वहीखाली सरकवून ठेवली. बस्स. पुढच्या चार महिन्यांत तिथं माझं सगळं जमा झालं: माझं आणि मुलीचं आधार, तिचा जन्मदाखला, बँकेचं पासबुक, माझा बारावीचा दाखला, लग्नपत्रिका, लग्नातले अंगावरच्या दागिन्यांसकट आठ फोटो, दवाखान्याचे कागद. रेशनकार्ड आणलं तर लगेच लक्षात आलं असतं, म्हणून आक्कांच्या मुलानं फोनवर फोटो काढून दिला. मूळ कागद काढता येत नसेल तर फोटो तरी असू द्या.

फोनचं एक सांगते. माझ्या फोनमध्ये त्याचंच गुगल खातं होतं, त्यामुळं मी कुठं आहे ते त्याला दिसायचं. हे मला आक्कांच्या मुलानं दाखवलं तेव्हा अंगावर काटा आला. निघताना मी तो फोन घरीच चार्जिंगला लावून ठेवला.

12 जून 2023, सोमवार. शाळा पंधराला उघडणार होती, मुलगी दुसरीत जाणार होती, नव्या शाळेत पहिल्या दिवसापासून बसावी म्हणून हा आठवडा धरला. तो कारखान्यावर गेला होता. मी दळणाचा डबा घेतला, मुलीला म्हटलं, "चल, येताना गोळी घेऊ." गिरणीत डबा ठेवला, मावशींनी कागदांची पिशवी आणि पदराच्या गाठीतले सहाशे रुपये दिले. मी नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, "दळणाचे समज. आयुष्यभराचे झाले." मागच्या दारानं निघालो, आक्का स्टँडवर होत्या. मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, मुलीचं तर अर्धं होतंच. साताऱ्याला पोचेपर्यंत मी खिडकीकडं तोंड करून बसले होते. मुलीनं दोनदा विचारलं, "आई, दळण कधी आणायचं?"

सखी सेंटरमध्ये समुपदेशक ताईंनी पहिला प्रश्न विचारला, "आज रात्री झोपायची सोय आहे का?" बाकी काही नाही. तिथं पाच दिवसांपर्यंत राहता येतं, जेवण, कपडे, दवाखाना, पोलिस आणि वकील यांची मदत तिथूनच मिळते, पैसे लागत नाहीत. सोबत मुलगा असेल तर त्याच्या वयाची अट आधी फोनवर विचारून घ्या. पहिल्या रात्री मी सोळा तास झोपले. लाजून सांगण्यासारखं वाटायचं आधी, आता वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी पोलिस ठाणं. आधी एकटीच गेले ती चूक झाली. "नवरा-बायकोचं भांडण आहे, मिटवून घ्या," म्हणत एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद करून हातात चिठ्ठी दिली. दुसऱ्या दिवशी सेंटरच्या ताई सोबत आल्या, केसपेपर पुढं ठेवला, तेव्हा सविस्तर जबाब लिहून घेतला. ठाण्यात जाताना कुणालातरी घेऊन जा, आणि जबाबावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचा. माझ्या पहिल्या मसुद्यात 'किरकोळ वाद' असा शब्द होता. मी तो बदलून घेतला. हात थरथरत होता, पण घेतला.

इथं एक निर्णय घ्यावा लागला. 498अ ची, म्हणजे नवऱ्याच्या आणि सासरच्या छळाच्या कलमाची, फौजदारी फिर्याद लगेच द्यायची का? ताईंनी दोन्ही वाटा समजावल्या आणि दोन दिवस दिले. मला त्या वेळी तुरुंगापेक्षा तीन गोष्टी हव्या होत्या: त्यानं जवळ येऊ नये, मुलीच्या खर्चाला पैसे मिळावेत, माझ्या वस्तू परत याव्यात. त्यासाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. त्यात आदेश दिवाणी धर्तीवर मिळतात, पण संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी तो मार्ग घेतला. दुसरी वाट धरणाऱ्या बायका चुकतात असं मी म्हणणार नाही. जिला मार जास्त तिला तीच वाट धरावी लागते. एक जुलै 2024 पासून 498अ च्या जागी भारतीय न्याय संहितेची 85 आणि 86 ही कलमं आली आहेत, कागदावर ते आकडे दिसले तर घाबरू नका.

16 जूनला माहेरी. दोन खोल्या, आई, भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं. आईनं दारातच रडायला सुरुवात केली: "लोक काय म्हणतील." भाऊ गप्प. वहिनीनं काही न बोलता माळ्यावरच्या गोधड्या खाली काढल्या आणि मुलीचं दप्तर खुंटीला अडकवलं. मला वाटलं होतं आई आधार देईल आणि वहिनी कुरकुर करेल. उलटं झालं. आईला सावरायला चार महिने गेले.

शाळेत दाखल्यावरून अडेल ही भीती होती, कारण जुन्या शाळेचा दाखला आणायचा म्हणजे त्याला पत्ता कळायचा. मुख्याध्यापक बाईंनी शिक्षण हक्क कायद्याकडं बोट दाखवलं: दाखला नाही किंवा उशीर होतोय म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधारवरून नाव घातलं, पंधराला नाही तर एकोणीसला मुलगी वर्गात बसली.

जुलैत संरक्षण अधिकारी मॅडमकडं. हे पद या कायद्यानंच निर्माण केलं आहे, महिला व बालविकास विभागाकडं चौकशी केली की तालुक्याला कोण आहेत ते कळतं. त्या 'कौटुंबिक घटना अहवाल' भरतात. त्यात घटना, तारीख, वेळ, ठिकाण. मला तारखा आठवेनात. रडायला आलं. एवढं सोसलं आणि तारीख सांगता येत नाही म्हणजे मी खोटं बोलतेय असं त्यांना वाटेल. मॅडमनी टेबलाच्या खणातून मागच्या तीन वर्षांची कालनिर्णय काढली. "तारीख राहू द्या. सण सांगा." मग सगळं आठवायला लागलं. गौरी जेवणाच्या रात्री पुरणाचं ताट फेकलं, ती 4 सप्टेंबर 2022. बेंदराच्या आदल्या दिवशी, वटपौर्णिमेला, मुलीच्या वाढदिवसाला. एकेक पान उलटत त्यांनी अकरा घटना लिहून घेतल्या. दोन बैठका, साधारण पाच तास. तुम्ही अजून त्या घरात असाल तर बचत गटाच्या नाहीतर दुधाच्या वहीत नुसती फुली मारून ठेवा. तारीख आपोआप राहते.

वकील मोफत मिळाला. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं किंवा तालुका विधी सेवा समितीकडं साध्या कागदावर अर्ज करायचा, बाईला उत्पन्नाची अट नाही. फोन करायचा तर 15100. बारा दिवसांत वकील ताई नेमून आल्या. केस आपण तात्पुरत्या राहतो तिथल्या कोर्टातही दाखल करता येते, म्हणजे मला साताऱ्याला हेलपाटे घालावे लागले नाहीत. ही गोष्ट कितीतरी बायकांना माहीत नसते आणि त्या सासरच्या तालुक्याला एकट्या जात राहतात.

7 ऑगस्टला अर्ज दाखल. कायद्यात पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न करावा असं आहे. माझ्याकडं नोटीस लागायलाच ऑक्टोबर उजाडला, तो घरी असून नाही म्हणून सांगायचे. या काळात मन फार हलतं. गणपतीत त्यानं भावाच्या फोनवर फोन केला, रडला, मुलीचा आवाज ऐकव म्हणाला. दोन दिवस मी जेवले नाही. परत जावं असं खरंच वाटत होतं. आक्कांना फोन केला, वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, "जायचं तर जा बाई. फक्त कागद तिथंच वहिनीकडं ठेवून जा." मी गेले नाही. कागद ठेवून जायचं म्हटल्यावर मला माझं उत्तर मिळालं होतं.

नोव्हेंबरात कपडे शिवायच्या युनिटमध्ये काम लागलं, महिना साडेनऊ हजार. खोली बघितली, भाडं अडीच हजार, अनामत दहा हजार. वहिनीच्या भिशीत बारा बायका, हजार-हजारची. मी नवीनच भिशीत आले होते, माझा नंबर शेवटचा. चिठ्ठी काढायच्या दिवशी त्यांनी चिठ्ठ्याच टाकल्या नाहीत, बारा हजार माझ्या हातात दिले. पुढं महिन्याला हजार मी फेडत गेले, त्यामुळं उपकाराचं ओझं वाटलं नाही. एकीनं जुनी शेगडी, एकीनं दोन गाद्या, एकीनं चहाची भांडी दिली.

त्याच बायका कोर्टातही आल्या. दुसऱ्या तारखेला तो चार मित्र घेऊन व्हरांड्यात उभा राहिला होता. मी बाथरूममध्ये जाऊन उलटी केली. घरी आल्यावर वहिनीनं वहीच्या पानावर पाळी लावली: या तारखेला ही, त्या तारखेला ती. आत जायची गरज नसते, फक्त बाकावर शेजारी बसायचं. पुढच्या सतरा तारखांत मी एकदाही एकटी बसले नाही.

पोटगीसाठी दोघांनीही उत्पन्नाचं आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं असतं, सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये तसं बंधन घातलं. त्यानं लिहिलं, 'मजुरी, महिना सात हजार'. आमच्याकडं काय पुरावा? ई-सेवा केंद्रात पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा निघाला, त्यात त्याचं नाव आणि उसाची नोंद. लग्नानंतर घेतलेल्या ट्रॅक्टरच्या पूजेचा फोटोही माझ्याकडं होता, नंबर प्लेटसकट. 18 डिसेंबर 2023 ला अंतरिम आदेश झाला: मला चार, मुलीला दोन, महिना सहा हजार, अर्जाच्या तारखेपासून. पैसे आले मात्र मार्चमध्ये, वसुलीचा अर्ज दिल्यावर. तोपर्यंत पगारावर काढलं.

सरकारी योजनांचं खरं सांगते. संजय गांधी निराधार योजनेत तेव्हा महिना दीड हजार मिळत होते, पण उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एकवीस हजार होती. पगार सुरू झाल्यामुळं मी बसले नाही. बालसंगोपन योजनेचा अर्ज केला. मुलीसाठी महिना सव्वादोन हजार मंजूर व्हायला नऊ महिने लागले. निघाल्याबरोबर पहिल्या महिन्यातच अर्ज करायला हवा होता.

2024 चं पूर्ण वर्ष साक्षी-पुराव्यात गेलं. उलटतपासणीत त्याच्या वकिलांनी विचारलं, मग शेजाऱ्यांना का नाही सांगितलं? मी म्हटलं, सांगितलं होतं, त्यांच्या वहीखाली माझे कागद होते. वकील ताईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं: प्रश्न संपू द्यायचा, उत्तर छोटं द्यायचं, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायचं. तारीख कधी आहे ते मोबाईलवर ई-कोर्ट्सच्या अॅपमध्ये सोळा अक्षरी सीएनआर नंबर टाकून बघता येतं, कुणाला विचारत बसावं लागत नाही. डबा आणि पाण्याची बाटली न्या, पुकारा कधी होईल सांगता येत नाही. खर्चाचा हिशेब माझ्याकडं लिहिलेला आहे: वकिलाचे शून्य, झेरॉक्स, फोटो, एसटी मिळून 7,400, बुडालेल्या रोजाचे साधारण साडेसहा हजार.

निकालात संरक्षण आदेश, दोघींची मिळून आठ हजार पोटगी, सासरच्या घरात राहण्याच्या हक्काऐवजी तीन हजार भाडं, पन्नास हजार भरपाई आणि स्त्रीधन परत. आदेशाची प्रत फुकट मिळते, मागून घ्या, आणि एक प्रत जवळच्या पोलिस ठाण्यात पोचली का ते स्वतः जाऊन बघा.

19 मार्चला संरक्षण अधिकारी मॅडम, दोन पोलिस, भाऊ आणि मी टेम्पो घेऊन सासरी गेलो. शिलाई मशीन लगेच मिळालं. दागिन्यांतलं गंठण मिळालं, बाकीचं मोडलं म्हणाले, त्याचा अर्ज अजून चालू आहे. भांड्यांवर मात्र सासूबाई अडून बसल्या, सगळी आमचीच म्हणाल्या. महिला पोलिसांनी एक पातेलं उचललं, उलटं केलं आणि मोठ्यानं वाचलं. मामांचं नाव, 'यांजकडून सप्रेम भेट', लग्नाची तारीख. मग दुसरं. मग कळशी, ताटं, परात. मांडणीवरचं एकेक भांडं खाली येत होतं आणि त्या माझ्या आत्या, मावशा, मामांची नावं वाचत होत्या. जाऊबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. यादीत नसलेली मुलीची चांदीची वाळी त्यांनी उडदाच्या डब्यातून काढून माझ्या हातात ठेवली आणि आत निघून गेल्या.

परतताना टेम्पो गिरणीपाशी थांबवला. दुपारची वेळ, गिरणी बंद होती, मावशी पायरीवर बसलेल्या. त्यांनी आतून माझा डबा आणला. घासून ठेवलेला, झाकणावर माझं माहेरचं नाव कोरलेलं. "त्या दिवशीचं दळण किती दिवस ठेवणार, खाल्लं मी," म्हणाल्या. मग आत जाऊन ताज्या ज्वारीचं पीठ त्यात भरून दिलं. मुलगी तेव्हा तिसरीत होती. घरी पोचल्यावर तिनं झाकण उघडलं, पिठात हात घातला आणि तळाशी काही आहे का ते बघितलं.